बाबासाहेबांचा अभ्यास आणि आपले घर



कौंडण्यपूरला कार्तिकात जत्रा भरते. वर्धा नदीच्या काठी दुकाने लागतात, दिंड्या येतात, भोंगे वाजू लागतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत शेतात कपाशीची वेचणी जोरावर असते. दीक्षा घेतल्यापासून ती जत्रा आपल्या घरचा सण राहिली नाही. पण तिचा आवाज काही आपली दीक्षा पाहून दाराबाहेर थांबत नाही. त्या आवाजात आपली मुले पुस्तक घेऊन बसतात, किंवा बसत नाहीत.

शिक्षक म्हणून मी आपल्या वस्तीत घरोघर जातो. दहावीच्या मुलांच्या आया एकच गाऱ्हाणे सांगतात. घर एका खोलीचे. त्यातच चूल, त्यातच म्हातारा सासरा, त्यातच टीव्ही. मुलाच्या हातातून मोबाईल सुटत नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्याला वेचणीला न्यावे लागते, आणि संध्याकाळी जरा बसला की कोणीतरी पाहुणा दारात उभा राहतो. अशा घरात लेकराने अभ्यास करायचा कसा, असे एका माउलीने मला विचारले. मी जिद्दीबद्दल काहीतरी बोललो आणि निघालो. पण ते उत्तर नव्हते, हे मला घरी पोचेपर्यंत कळून चुकले होते. म्हणून परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र मी पुन्हा वाचावयास घेतले, आणि या वेळी फक्त एवढेच पाहिले की ते अभ्यासाला बसत तेव्हा घरात काय चाललेले असे.

महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. दापोली, सातारा करीत हे कुटुंब मुंबईला आले. सातारला असतानाच आईचे छत्र हरपले होते. मुंबईत परळच्या डबक चाळीत त्यांनी खोली घेतली. एकच खोली. परळ म्हणजे गिरणी कामगारांची वस्ती; गजबज, भांडणे, भोंगे, धूर. खोलीत भांडीकुंडी, जळणाची लाकडे, कोपऱ्यात जाते, आणि एक बकरीसुद्धा तिथेच बांधलेली. दोन माणसांनी पाय पसरून निजावे एवढी मोकळी जागा त्या खोलीत नव्हती.

अशा खोलीत रामजींनी एक व्यवस्था केली. मुलगा संध्याकाळी लवकर निजायचा. वडील जागे राहायचे. रात्री दोनच्या सुमारास ते त्याला उठवायचे आणि मग स्वतः झोपायचे. बिनकाचेच्या चिमणीच्या उजेडात भीमराव वाचायला बसायचे. त्या वेळी चाळ निजलेली असे, खोलीतही सामसूम असे. जागा वाढविता येत नव्हती, वस्तीचा गलका थांबविता येत नव्हता. तेव्हा सुभेदारांनी वेळेची वाटणी केली.

बंधूंनो, हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. १४ एप्रिलच्या सभेत तो नेहमी सांगितला जातो, आणि ऐकताना आपले लक्ष दिव्याजवळ बसलेल्या मुलाकडे असते. माझे लक्ष या वेळी त्या म्हाताऱ्या बापाकडे गेले. लष्करातून निवृत्त झालेला, तुटपुंज्या पेन्शनीवर घर चालविणारा हा माणूस रात्री दोनपर्यंत जागत होता. आज गजराचे घड्याळ मिळते, मोबाईलमध्येही गजर असतो; पण सुभेदारांच्या जागरणाचे काम गजराने झाले नसते, कारण मुलाला निजायला जागा मिळावी म्हणूनही ते जागत होते.

पुस्तकांचेही तसेच. भीमरावांना शाळेबाहेरच्या पुस्तकांची फार हौस. पैसे नसले की रामजी आपल्या विवाहित लेकींकडे जात. लेकीकडे रोख पैसे नसतील तर तिचा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत नेऊन देत. सासरी नांदणाऱ्या मुलीने बापाला अंगावरचा दागिना काढून द्यायचा, हे किती अवघड असते ते आपल्या भगिनींना सांगायला नको. रामजी कबीरपंथी होते. घरात दारू नव्हती. ज्या घरात संध्याकाळी बाप पिऊन येतो, त्या घरातल्या पोराला रात्री दोनला उठविणार कोण? पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात मोठ्याने म्हणतो. त्याचा मुलांच्या अभ्यासाशी किती जवळचा संबंध आहे, ते या चाळीतल्या खोलीत दिसते.

आणखी एक गोष्ट सभेत फारशी सांगितली जात नाही. दोन मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा थोरल्या भावाला शाळा सोडून कामाला लागावे लागले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत राहिले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बसून होतो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझ्या मोठ्या बहिणीची शाळा सातवीत सुटली, ती माझ्या वह्या-पुस्तकांसाठी. ती आजही वेचणीला जाते. माझ्या पदवीच्या सत्काराला तिला व्यासपीठावर बोलावण्याचे कोणालाच सुचले नाही, मलासुद्धा.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. सत्काराच्या वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या साहाय्याने ते बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार रामजी वारले. मुलाला रात्री उठविणारा माणूस गेला. पण उठण्याची सवय राहिली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ मध्ये पीएच. डी. चा प्रबंध पूर्ण केला आणि लगेच लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अर्धवट शिक्षण टाकून परतावे लागले. त्यांचे सामान दुसऱ्या बोटीवर होते. महायुद्ध चालू होते. ती बोट बुडविली गेली आणि जमविलेली पुस्तके समुद्रात गेली.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तेथे एवढ्या विद्वान माणसाला राहायला जागा मिळेना. कचेरीत शिपाई दुरून कागद टाकीत. शेवटी त्यांनी एका पारशी धर्मशाळेचा आश्रय घेतला. वरच्या मजल्यावरचे ते दालन अडगळीने भरलेले होते, विजेचा दिवा नव्हता, सोबतीला माणूस नव्हता. रात्री एका कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात ते पुस्तक उघडून बसत आणि एकटेपण विसरण्याचा प्रयत्न करीत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना तेथूनही बाहेर काढले. या प्रसंगाची हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आपण ज्यांना अडथळे म्हणतो, ते या अडथळ्यापुढे कोणत्या मापाने मोजायचे? तरी मी असे म्हणणार नाही की आपले अडथळे खोटे आहेत. मोबाईल कोणाला काठीने मारीत नाही. तो गोड बोलून बसवून ठेवतो, आणि ज्याच्याशी वैर नाही त्याच्याशी लढणे अवघड जाते.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. छत्रपती शाहू महाराजांनी साहाय्य केले, मित्र नवल भथेना यांनी उसने दिले, आणि १९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. लंडनमधले त्यांचे दिवस आपण नीट पाहावेत. सकाळी घरमालकीण देई तो जेमतेम नाश्ता करून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसत, ते ग्रंथालय बंद होईपर्यंत उठत नसत. मग इतर ग्रंथालये. रात्री खोलीवर पुन्हा वाचन. दहाच्या सुमारास भूक असह्य होई, तेव्हा ओळखीच्या माणसाने दिलेले चार पापड पत्र्यावर भाजून ते खात आणि पुन्हा पुस्तक घेत. खोलीतला सोबती झोपेतून जागा होई तेव्हाही हे वाचीतच असत. तो विश्रांती घ्यावयास सांगे. यांचे म्हणणे एवढेच असे की खायला पैसा नाही आणि निजायला वेळ नाही. जे शिकायचे ते लवकर शिकून घरी गेले पाहिजे.

कारण घरी रमाई होत्या. बाबासाहेब ग्रंथालयात होते तेव्हा परळच्या चाळीत रमाई थोड्या पैशांत, किंवा पैसेच नसताना, दिवस काढीत होत्या. आपल्या हालांचे गाऱ्हाणे नवऱ्याच्या कानी घालून त्याचा अभ्यास मोडू नये, एवढी काळजी त्या माउलीने घेतली. लंडनला मिळालेली एकाग्रता कोठून आली, याचा अर्धा हिशेब परळला सापडतो.

१९२१ मध्ये त्यांनी एम. एस्सी. मिळविली, पुढे ते बॅरिस्टर झाले, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध विद्यापीठाला सादर केला. त्यातली ब्रिटिश धोरणावरील टीका परीक्षकांना बोचली व प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. १९२३ मध्ये मुंबईला परतल्यावर, वकिलीची जमवाजमव चालू असताना, त्यांनी तो पुन्हा लिहिला. निष्कर्ष बदलले नाहीत. डी. एस्सी. मिळाली.

त्यानंतरची कामे त्यांनी परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहून केली. बहिष्कृत हितकारिणी सभा, वकिली, शिकवणे, आणि दारात अखंड गाऱ्हाणी घेऊन येणारी माणसे. या माणसांना व्यत्यय म्हणावे की काम म्हणावे? बाबासाहेबांच्या आयुष्यात हे दोन्ही एकच होते, आणि माझ्या मते त्यांची खरी ओढाताण येथे होती. लोकांसाठी लिहायचे, आणि लोक आले म्हणून लिहिणे थांबायचे. घरात तर दुःखाला खंडच नव्हता. पाच अपत्यांपैकी एक यशवंतराव तेवढे जगले. १९२६ मध्ये धाकटा राजरत्न गेला, तेव्हा बाबासाहेब पार खचून गेले होते. पुढच्याच वर्षी, मार्च १९२७ मध्ये, ते महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते आणि एप्रिलमध्ये ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू झाले. हाताशी पगारी संपादकवर्ग नव्हता. रकान्यांमागून रकाने त्यांनी एकट्याने लिहून भरले. आपलेही पाक्षिकच आहे. पंधरा दिवस किती लवकर येतात, हे येथे लिहिणाऱ्यांना विचारावे.

त्याच वर्षाची एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातली आहे. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून वऱ्हाडात चळवळ उभी राहिली होती. डॉ. पंजाबराव देशमुख तीत होते. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली आणि बाबासाहेब अध्यक्ष म्हणून आले. आदल्याच दिवशी मुंबईत त्यांचे बंधू बाळाराम वारले होते. ती वार्ता त्यांना अमरावतीत कळली. परिषदेने शोकाचा ठराव केला. बाबासाहेबांनी अध्यक्षपदाचे काम सोडले नाही. सत्याग्रह काही महिने पुढे ढकलून मंदिराच्या पंचांना मुदत द्यावी की नाही, यावर विचार करून निर्णय झाला. कौंडण्यपूरहून अमरावतीला एस. टी.ने जाताना मला पुष्कळदा त्या दिवसाची आठवण येते. भाऊ गेला आहे आणि समोर माणसे बसली आहेत. दुःख बाजूला ठेवणे म्हणजे दुःख नसणे नव्हे, हे आपण आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. नाहीतर त्यांना वाटेल की बाबासाहेब दगडाचे होते.

२७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. ज्या घोषणेमुळे आज आपण बौद्ध आहोत ती त्यांनी ऐकली नाही. दादरला ‘राजगृह’ उभे राहिले होते, पुस्तकांसाठी प्रशस्त जागा झाली होती. पण ज्या बाईने खोलीतली जागा पुस्तकांना देऊन आपला संसार कोपऱ्यात मांडला, तिला ती जागा फार दिवस लाभली नाही. बाबासाहेब हे विसरले नाहीत. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये निघाला, तो त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला, आणि आपल्याबरोबर तिने जे सोसले त्याची कृतज्ञतेने नोंद केली.

१९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. या कॉलेजची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. वर्ग सकाळी लवकर भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलांना शिकून मग कचेरीत जाता यावे. ज्याला रात्री दोनला उठवून शिकविले गेले, त्याने पुढे दुसऱ्यांच्या पोटापाण्याची वेळ पाहून कॉलेजची वेळ ठरविली. नोकरी सोड, मन लावून शीक, असा कोरडा उपदेश त्यांनी गरिबाच्या मुलाला केला नाही.

संविधानाचे काम सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९४७ च्या ऑगस्टअखेर ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. समितीत सात जण होते. कोणी राजीनामा दिला, कोणी वारले, कोणी परदेशी, कोणी इतर राजकारणात, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. भार बाबासाहेबांवर पडला, हे समितीच्याच एका सदस्याने, टी. टी. कृष्णम्माचारी यांनी, संविधान सभेत सांगितले. त्या काळात त्यांना मधुमेह जडलेला होता आणि पायांच्या वेदनांनी रात्ररात्र झोप येत नव्हती. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्याच आपल्या माईसाहेब सविता आंबेडकर. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकृत झाले.

यानंतर बाबासाहेबांनी जे काम हाती घेतले ते आपल्यासाठी होते. १९५१ च्या सुमारास त्यांनी बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरचा ग्रंथ लिहावयास घेतला. त्यात त्यांनी सम्यक व्यायामाचे विवरण केले आहे. व्यायाम म्हणजे जोर-बैठका असा अर्थ आपल्यातले कित्येक नवे उपासक घेतात. तथागतांना येथे मनाचा प्रयत्न अभिप्रेत आहे: अकुशल वृत्ती मनात येऊ न देणे, आलेल्या दाबून टाकणे, कुशल वृत्ती उत्पन्न करणे आणि उत्पन्न झालेल्या वाढविणे. बावीस प्रतिज्ञांपैकी अकरावी प्रतिज्ञा अष्टांगिक मार्गाची आहे. तिच्यात हेही येते. वाचायला बसलेले मन दर पाच मिनिटांनी उठते, त्याला पुन्हा आणून बसवायचे, पुन्हा उठले तर पुन्हा आणायचे. १४ एप्रिलला ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. चांगला आहे, मीही मुलांना बसवितो. पण एका दिवसाचे अठरा तास हा उत्सव झाला. डबक चाळीत रोजची रात्र होती.

हा ग्रंथ लिहिताना बाबासाहेबांचे शरीर साथ देत नव्हते. डोळे थकले होते, आधाराशिवाय चालणे कठीण झाले होते. टंकलेखनाचे काम नानकचंद रत्तू करीत. ते सरकारी नोकर होते. दिवसभराची कचेरी आटोपून ते संध्याकाळी बाबासाहेबांकडे येत. मार्च १९५६ मध्ये ग्रंथाची प्रस्तावना लिहिताना बाबासाहेबांनी टंकलेखकांचे आभार मानले आणि आपले आयुष्य वाढले व ग्रंथ पुरा होऊ शकला याचे श्रेय डॉ. मालवणकर आणि माईसाहेब यांना दिले. १९५७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात छापली गेली नाही. माईसाहेबांविषयी पुढे जे वादळ उठले त्यात मला शिरावयाचे नाही. पण बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने दिलेले श्रेय ग्रंथाबाहेर राहिले, हे बरे झाले नाही. ती प्रस्तावना आता उपलब्ध आहे. आपल्या विहारात ग्रंथवाचन सुरू करताना आधी तीच वाचावी, असे मी सुचवितो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. १६ तारखेला चंद्रपूरला दीक्षा दिली. नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेस जाऊन ते सारनाथ, कुशीनारा करून दिल्लीला परतले. अंगात त्राण उरले नव्हते.

५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरच्या घरी त्यांनी रत्तूंकडून पाय चेपून घेतले, बुद्धवंदना गुणगुणली, थोडेसे जेवले. मग ग्रंथाची टंकलिखित प्रस्तावना, आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेल्या पत्रांचे कागद बिछान्याजवळ आणून ठेवावयास सांगितले. रात्री त्यावरून हात फिरवायचा होता. कागद ठेवून रत्तू आपल्या घरी गेले. सकाळी त्यांना बोलावणे आले, तेव्हा कागद तेथेच होते.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मराठी अनुवाद १९७० मध्ये निघाला. वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने तो आपल्या वस्तीत रोज रात्री वाचला जातो. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा कोणीतरी कंदील घेऊन वाचणाऱ्याच्या शेजारी उभे राहते. गेल्या वर्षावासात बरेच दिवस ते काम माझ्या बहिणीने केले. या वर्षी मी तिला वाचायला बसविणार आहे आणि कंदील मी धरणार आहे. सातवीपर्यंतचे वाचन तिला अजून येते. अडखळते, पण येते.